वहिनीने मागितलेली माणसं

अधिवेशन लागलं की मी आणि माझी थोरली वहिनी पेणहून एसटीने मुंबईला जायचो आणि ते संपेपर्यंत तिथेच राहायचो. आमदारांच्या उपाहारगृहात आम्ही कंत्राटावर होतो. ती स्वयंपाकाला, मी वाढायला. एरवी ती पेणजवळच्या गडब गावी शेतीत आणि मी रोह्याला माझ्या संसारात.

एका वर्षी नवा ठेकेदार आला. ताटाला सरकारी अनुदान असतं आणि दर ठरलेला असतो, त्यामुळे त्याला भाव वाढवता येईना. मग त्याने माणसं कमी केली. आम्ही बारा होतो, सात उरलो. दुपारी सभागृह थांबलं की एकदम झुंबड उडायची. शिपाई, पोलीस, ड्रायव्हर यांची पाळी येईपर्यंत भाजी संपलेली असायची. वहिनीला त्याचा फार राग यायचा. त्यातच एकदा घाईत तिच्या हातावर कढत वरण सांडलं. नळाखाली हात धरून ओलं फडकं गुंडाळलं आणि ती पुन्हा शेगडीपुढे उभी राहिली.

त्याच आठवड्यात आमदारांची एक समिती पाहणीला येणार होती. कोणी तोंड उघडायचं नाही, असं ठेकेदाराने आम्हाला बजावलं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "काही अडचण?"

 वहिनी म्हणाली, "आता नाय कळायची ताई. उद्या जेवणाच्या वेळी या, आणि मागच्या दाराने या."

 दुसऱ्या दिवशी त्या बाई खरंच आल्या आणि तासभर भिंतीला टेकून बघत राहिल्या. शेवटी वहिनीजवळ येऊन म्हणाल्या, "किती माणसं हवीत तुम्हाला?"

"पाच. पण त्यांचा पगार ताटाच्या पैशात नको, वेगळा धरा. नायतर पुढचा ठेकेदार परत माणसंच कापील."

चौथी शिकलेली माझी वहिनी! एवढा विचार तिने कधी केला होता, मला आजवर कळलेलं नाही.

पुढच्या अधिवेशनाला पगाराची तरतूद वेगळी झाली, पाच जागा भरल्या. ठेकेदाराने वहिनीला मात्र बोलावलं नाही. मी तावातावाने गडबला गेले. ती ओटीवर वाल सोलत बसली होती.

"मी पण नाय जायची," मी म्हटलं.

"येडी हायस का गो? नव्या बायकांना काम कोण शिकवील?"

मी गेले. अजून जाते.