पिंपाचं कडं आणि नदीची वाट

आमच्या खोऱ्यात थंडीच्या दिवसांत सकाळी नऊपर्यंत नदी दिसत नाही. तिच्या जागी धुकं असतं आणि धुक्यातून द्राक्षमळ्यांचे दगडी बांध जिन्याच्या पायऱ्यांसारखे टेकडी चढत गेलेले असतात. वाइनरीच्या कचेरीत माझं टेबल खिडकीशी आहे. तिथे बसून कित्येक वर्षं मी एक आवाज ऐकत आलो. आधी खणखण, खणखण, मग क्षणभर काहीच नाही आणि मग झुडपात धप्प. वळणकाका वरून पिंपाचं कडं सोडत असत.

वळणकाका हे छाटणीच्या टोळीचे मुकादम. नाव सायकलवाल्यांनी ठेवलेलं. आठवडाभर वेली छाटायच्या, ढासळलेले बांध रचायचे आणि रिकाम्या वेळात कुदळ घेऊन टेकडीवर सायकलींसाठी वाट काढायची, हा त्यांचा नऊ वर्षांचा क्रम. नकाशा नाही, मोजपट्टी नाही. जुन्या लाकडी पिंपाचं लोखंडी कडं उतारावर सोडायचं आणि त्याच्या मागून चालत जायचं. कडं उधळलं तर तिथे वळण द्यायचं, रेंगाळलं तर उतार वाढवायचा. ते पडलं की पडल्या जागी बसायचं, डोळे मिटायचे आणि हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून हळूहळू एका अंगाला झुकायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटे, माणूस झोपेतच कुठेतरी निघालाय.

"चाकाला कुठे जायचंय ते चाकालाच विचारावं," ते म्हणत. "आपण मध्ये लुडबुड करतो, म्हणून माणसं पडतात."

माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपासून निघालेली वाट झाडीतून सतरा वळणं घेई आणि नदी शंभर पावलांवर आली की एका बांधापाशी संपे. बांधाखालचा मळा काकांच्या मेहुण्यांचा, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचा. सायकलवाले तिथे उतरत आणि सायकल खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यानं वळसा घालत. काकांना ते पाहवत नसे. माथ्यावरून सुटलेलं चाक पाय न टेकता नदीला मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मेहुण्यांना त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्या खेपेस मी तिथे होतो.

"दादा, दोन ओळींमधून हातभर वाट. जास्त नको."

"दाजी, बहीण दिली. आता मळाही देऊ?" मेहुणे कात्री पुसत म्हणाले. "ती ओळ बाबांनी लावलेली आहे. आज पोरं मधून जातील, उद्या घोस तोडतील."

"कुंपण मी घालतो."

"आणि तुम्हाला कोण घालणार?"

काका हसले. पण विषय त्यांच्या मनातून गेला नाही, कारण त्यांना ती वाट दिसत होती. वाटेच्या कडेच्या वेलींवर खूण म्हणून थोडा वेळ पट्ट्या बांधाव्यात, पलीकडच्या काठावरून वाट एकदा डोळे भरून पाहावी आणि दुपारच्या आत पट्ट्या सोडून आणाव्यात, असं त्यांनी ठरवलं. गेल्या वर्षी हिवाळ्यात एका सोमवारी रजा टाकून ते पहाटेच मळ्यात गेले. पिशवीत पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही पट्ट्या होत्या. धुक्यात पांढरी दिसणार नाही, म्हणून त्यांनी लाल घेतल्या. जुन्या ओळीतल्या अकरा वेलींना अकरा पट्ट्या बांधल्या, पूल ओलांडला आणि पलीकडे एका दगडावर जाऊन बसले.

छाटणीच्या कामात लाल पट्टी म्हणजे रोगट वेल. ती मुळासकट काढायची. हा नियम काकांनीच टोळीला घालून दिला होता. लाल दिसली की विचारत बसायचं नाही, कुदळ घालायची. टोळी त्या दिवशी वरच्या मळ्यात जायची होती, मेहुण्यांच्या मळ्याची छाटणी दुसऱ्या दिवशी होती, त्यामुळे काका निर्धास्त होते.

धुकं काही हटेना. सूर्य दुधात पडल्यासारखा दिसत होता. वाट पाहता पाहता काकांचा डोळा लागला. त्यांनी मला नंतर सांगितलं, स्वप्नात त्या पट्ट्या वेलींवरून आपोआप सुटल्या आणि एकामागून एक हवेतून नदीकडे वाहत गेल्या. त्यांच्यावरून एक चाक चाललं होतं, आवाज न करता.

जाग आली तेव्हा ऊन पडलं होतं. समोर ओळ स्वच्छ दिसत होती आणि तिच्यात अकरा खड्डे होते. वर माथ्याला दंव गोठून जमीन कडक झाली होती, म्हणून टोळी एक दिवस आधीच खाली उतरली होती.

"विचारायचं तरी," काका धापा टाकत म्हणाले.

"तुम्हीच म्हणता विचारायचं नाही," टोळीतला सगळ्यात जुना गडी म्हणाला. "आणि गाठ तुमचीच होती, काका. ती दुसऱ्या कुणाला जमत नाही."

मेहुणे ओरडले नाहीत. एका खड्ड्याच्या कडेला बसून त्यांनी आत हात घातला, माती चाचपली. "घ्या दाजी," ते म्हणाले. "हातभर मागितली होती, चांगली ऐसपैस झाली."

काकांनी उपटलेल्या वेलींच्या ढिगातून तीन-तीन डोळ्यांच्या काड्या कापल्या आणि घरी नेल्या.

"माझं माहेर मुळासकट काढलंत," काकू म्हणाल्या. तासाभरानं त्यांनीच माळ्यावरचे रिकामे डबे काढून दिले.

काड्या आधी न्हाणीघरातल्या बादलीत भिजल्या, मग रेतीच्या डब्यांत स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहिल्या. "आता आंघोळीला तरी जागा ठेवा," एवढीच काकूंची तक्रार. काका संध्याकाळी डब्यांसमोर स्टूल घेऊन बसत. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका काडीचा डोळा फुटला, मग बाकीच्यांचे. त्या वर्षभरात माझ्या खिडकीत खणखण आली नाही. टेकडीवरच्या वाटेत गवत वाढलं.

यंदाच्या हिवाळ्यात काकांनी मुळं धरलेली अकरा रोपं त्याच अकरा खड्ड्यांत लावली. नऊ वर्षं पाहिलेली वाट त्यांनी स्वतःच्या हातानं बुजवली. मी पुलावर उभा होतो. मेहुणे बांधावरून एकेक रोप मोजत होते.

"डबे बारा होते ना?" मग त्यांनी विचारलं.

"एक रोप तुमच्या बहिणीनं ठेवून घेतलंय. देत नाही म्हणते."

"आमच्या घराण्याचीच ती." मेहुण्यांनी हात झटकले. "तुमचं कडं कुठे असतं हल्ली?"

"वखारीत. गंजलंय."

"आणा. वर्ष झालं, सकाळचा चहा नुसता गरम पाणी लागतोय. कानाला सवय झाली होती."

काकांनी कडं आणलं. मेहुण्यांनी ते स्वतः उचललं आणि बांधावर उभं राहून खाली सोडलं. बांधाखाली ते कधी गेलंच नव्हतं. तेवढ्या तुकड्यापुरतं काकांनी चाकाला न विचारता स्वतःच ठरवून टाकलं होतं. कडं सरळ नव्या रोपांच्या रोखानं निघालं. ओळीच्या तोंडाशी एका दगडाला लागून ते उसळलं, तिरकं झालं आणि मळ्याच्या कडेनं, जिथे खडकामुळे काहीच उगवत नाही त्या पट्टीवरून, खणखणत खाली गेलं. क्षणभर काहीच नाही. मग पाण्याचा आवाज आला.

"माझ्या वेलींमधून जायचंच नव्हतं त्याला," मेहुणे म्हणाले. "चाकाला विचारावं म्हणता ना? मग ऐका त्याचं."

त्याच कडेनं काका सावकाश उतरत गेले, बूट काढले आणि पाण्यात शिरले. कडं उचलून दोन्ही हातांत समोर धरलं आणि डोळे मिटले.

"अहो दाजी, आधी बाहेर या. पाणी गार आहे," मेहुणे बांधावरून म्हणाले.

काकांना ऐकू गेलं नसावं. गुडघाभर पाण्यात ते हळूहळू डावीकडे झुकत होते. दगडाला लागून कडं उसळलं होतं, तिथे एक वळण द्यावं लागणार होतं.