तलावाची फेरी आणि सात पावलांची चूक

माघातल्या एका सकाळी सहाला घराला कुलूप लावलं आणि तलावाच्या वाटेला लागले. ही वाट मी गेली चार वर्षं रोज चालते. जाऊन-येऊन जेमतेम चार किलोमीटर, याला प्रवास म्हटलं तर कुणीही हसेल. पण पुण्या-नाशकाला स्थायिक झालेली आमची माणसं मोबाइलवरच्या गावच्या ग्रुपवर माझ्या फोटोची वाट बघत असतात. फोटो पडला नाही की आठच्या सुमारास विचारणा सुरू होते. फोटो मी रोज काठावरच्या एकाच दगडावर उभी राहून काढते आणि खाली एकच ओळ लिहिते, ‘तोच दगड, तोच तलाव’. त्या दिवशी कॅमेऱ्याच्या पिशवीत एक ताजा छापलेला फोटोही होता. तो दाखवून मला एका बाईपुढे आणि एका गड्यापुढे चूक कबूल करायची होती.

मालेगावहून शिरपूर जैनकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. नवऱ्याच्या मागे त्याचा फोटो स्टुडिओ मी चालवते. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं यावर पोट चालतं. तलाव मात्र माझा स्वतःचा. गुडघे अजून साथ देतात आणि डोळ्यांना अजून दिसतं, याबद्दल मी रोज पहिल्या वळणावर मनातल्या मनात हात जोडते.

बसथांब्याजवळच्या हॉटेलात चहा घेतला. कढईत पहिला घाणा उतरत होता. मालकाने न विचारता गरम आलूबोंडा पुढे ठेवला आणि आज तोंड का उतरलंय म्हणून विचारलं. मी थंडीवर ढकललं. थंडी तशी होतीच, पण ओसरायला लागलेली. आलूबोंड्याने जीभ भाजली आणि जरा बरं वाटलं.

हॉटेलामागून वाट पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) चढते. वर आलं की एकदम सगळं पाणी दिसतं. पाण्यावर धुकं होतं, पलीकडच्या काठावरच्या देवळाचा फक्त कळस त्यातून वर आलेला. चक्रवाकांची जोडी पाण्याशी येऊन बसली होती. हिवाळ्यात ही तांबूस बदकं कुठून कुठून येतात आणि आमच्यासारख्यांच्या तलावावर मुक्काम करतात. आपल्या गावाची कुणी एवढी किंमत केली की ऊर भरून येतो.

सांडव्यापाशी किसन भोई जाळं काढत होता. थर्माकोलच्या तराफ्यावर एक पाय दुमडून बसायचं आणि दुसऱ्याने वल्हवायचं, हे त्याला कसं जमतं हे मला चार वर्षांत कळलेलं नाही. त्याने दोन मासे दाखवले, मी कॅमेरा दाखवला. आमचा रोजचा नमस्कार असा. पण निघताना तो म्हणाला, "ताई, बाबळीचं निपटलं न? तुमच्या फोटोनं भांडन मिटलं, गावात समदे नाव काढून राह्यले." मला त्याच्याकडे बघवेना. मान हलवली आणि पुढे निघाले.

ती भानगड अशी. पावसाळा सरल्यावर तलावाचं पाणी हळूहळू मागे हटतं आणि काळाभोर गाळ उघडा पडतो. त्यात गाळपेर (ओलीवर केलेली पेरणी) होते. काकडी, खरबूज, डांगर. ज्यांना स्वतःचं शेत नाही अशा घरांच्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या पट्ट्या आहेत. बांध घालून उपयोग नाही, पाणी तो दर वर्षी खातं. म्हणून काठावरच्या झाडांवरून पट्टी ओळखायची आणि तिथून सरळ पाण्याकडे चालत जायचं. अनसूयाबाई आणि दिगंबर यांच्या पट्ट्यांच्या मध्ये एक बाभूळ होती. गेल्या पावसाळ्यात ती उन्मळून पडली. लाकूड कुणी नेलं, बुंधा कुणी नेला, आणि खड्डा गाळाने भरून गेला.

माघ लागला, पेरणीची वेळ आली, आणि बाभूळ नेमकी कुठे होती यावरून दोघांत वाद झाला. गावातली चार मोठी माणसं माझ्याकडे आली. तुम्ही रोज त्याच दगडावरून फोटो काढता, बाभूळ त्यात असणारच, म्हणाली. मला काय, मूठभर मांस चढलं. माझा सगळ्यात गाजलेला फोटो मी मोठा छापून दिला. बाभूळ, तिच्या बरोब्बर मागे देवळाचा कळस, आणि फांद्यांत उगवता सूर्य. चौघांनी दगडावर उभं राहून एका माणसाला काठाने चालायला लावलं, तो कळसाच्या रेषेत आला तसा थांबवला आणि खुंटी ठोकली. ती खुंटी अनसूयाबाई दाखवत होत्या त्या जागेहून त्यांच्याच बाजूला सात पावलं आत पडली. त्यांची पट्टी सगळी पंधरा पावलांची.

त्या काही बोलल्या नाहीत. दिगंबरने दुसऱ्या दिवशी पेरलं.

आठ दिवसांनी मी पाडव्याच्या दिनदर्शिकेसाठी फोटो निवडत होते. त्या फोटोची मूळ प्रत संगणकावर उघडली. डाव्या कोपऱ्यात एक दगड होता. माझाच दगड. ज्या दगडावरून फोटो काढला म्हणून मी सांगत होते, तो फोटोतच होता! मग आठवलं. त्या सकाळी सूर्य, कळस आणि बाभूळ एका रेषेत काही येईनात, म्हणून मी दगड सोडून तीसेक पावलं बाजूला, जरा मागे गेले होते. आणि कोपऱ्यातली अडगळ नको म्हणून नंतर तो दगड कापून टाकला होता. खाली ओळ मात्र नेहमीचीच लिहिली.

दगडाशी पोचले तेव्हा सूर्य वर आला होता. रोजचा फोटो काढायलाही हात होईना. पाळ उतरून गाळात पाय टाकला आणि ओलीचा अंदाज चुकला. उजवा पाय घोट्यापर्यंत आत, आणि पाय निघाला तो चपलेशिवाय. ती चप्पल मी कोपरापर्यंत हात घालून शोधली. अशा अवतारात, एक चप्पल हातात घेऊन, मी चूक कबूल करायला पोचले.

दिगंबर बायकोसोबत न्याहारीला बसला होता. त्यांनी आधी हात धुवायला पाणी दिलं, मग ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांद्याची पात पुढे केली. खाल्ल्यावर बोलणं जड जाईल म्हणून मी आधी बोलून टाकलं. मूळ फोटो दाखवला, दगडावर बोट ठेवलं. सात पावलं तुमची नाहीत, चूक माझी आहे, म्हणाले. त्यांच्या मागे वाफ्यांत काकडीची दोन-दोन पानं वर आली होती.

दिगंबरने फोटो हातात घेऊन पाहिला. मग फोटो खाली ठेवून म्हणाला, "तुमी चुकल्या ताई, तं मी काहून मागं सरू? बी पडलं, उगवलंबी. आता उपटून फेकू काय?" त्याचा राग रास्त होता. त्याने काही लबाडी केली नव्हती, गावाने खुंटी ठोकली तिथवर पेरलं होतं. त्याच्या बायकोने मात्र माझ्याकडेही पाहिलं नाही आणि त्याच्याकडेही. ती उठून शेजारच्या पट्टीत गेली आणि अनसूयाबाईंना घेऊन आली.

अनसूयाबाईंनी सत्तरी ओलांडलीय. मुलगा-सून हिवाळाभर ऊसतोडीला जातात. ती दोघं परत येईपर्यंत ही पट्टीच त्यांचं घर चालवते. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, नवल काही वाटलेलं दिसेना.

"मले त्याच दिशी मालूम होतं," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "मंग तुमी काहून नाई बोलल्या?"

"समदे फोटोले पाहून राह्यले होते, सुमन. माह्याकडं कोनी पाह्यलंच नाई."

हे बोलताना त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. म्हणूनच मला जास्त लागलं. मी तिथेच त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी मला उठवलं, आधी पाय धू म्हणाल्या, आणि काठाने चालायला लागल्या. कळसाकडे बघितलं नाही, दगडाकडे बघितलं नाही. एका जागी थांबून टाच रोवली आणि म्हणाल्या, "इथं होती." मी धावत दगडावर गेले, मोबाइलमध्ये जुना, खरोखर दगडावरून काढलेला एक फोटो उघडला आणि ताडून पाहिला. त्या फोटोत बाभळीचं खोड होतं, तिथेच बाई उभी होती. तसूभर फरक नव्हता.

दिगंबरही मागून आला होता. त्याने मोबाइल हातात घेऊन एकदा पाहिलं, एकदा बाईकडे पाहिलं. खाली जाऊन खुंटी उपटली आणि त्यांच्या टाचेपाशी ठोकली. "काकू, उगवलं ते आता तुमचंच. पानी मी देत जाईन, वेल सुरू होईस्तोर," एवढंच म्हणाला. त्याच्या बायकोने माझ्यापुढे पुन्हा भाकर ठेवली. या वेळी मी पोटभर खाल्लं. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं, निदान मी ते ठेच्यावर ढकललं. या तिघांपैकी एकानेही मला दुखवलं नाही, आणि दुखवायचा हक्क तिघांनाही होता.

परतीच्या वाटेवर अनसूयाबाई माझ्यासोबत आल्या. त्यांना तो कोपऱ्यातला दगड मोठा करून बघायचा होता. स्टुडिओत त्यांना खुर्ची दिली आणि संगणक लावला. त्यांनी दगड पाहिला, हसल्या. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी इतर दिवसांच्याही मूळ प्रती उघडायला लागले, न कापलेल्या.

एकात उजवीकडे हिरव्या लुगड्यात, घमेलं घेऊन कुणी वाकलेलं. दुसऱ्यात त्याच जागी, त्याच हिरव्या लुगड्यात. तिसऱ्यात, दहाव्यात, चाळिसाव्यात. मी सूर्योदयासाठी पोचायचे त्याच्या आधीपासून अनसूयाबाई तिथे असायच्या. त्या बाजूला होईपर्यंत मी थांबायचे, आणि नाहीच झाल्या तर घरी येऊन कापून टाकायचे. पुण्या-नाशकाच्या माणसांना चार वर्षं मी रोज गाव पाठवत होते, आणि त्यात ही बाई एकदाही नव्हती. ती चूक उघडी पडली याबद्दल मी आज कुणाकुणाचे आभार मानू? त्या सात पावलांचे तर उपकारच आहेत माझ्यावर.

सगळ्यात जुन्या फोटोत त्या ताठ उभ्या होत्या, डोक्यावर घमेलं. पुढे वर्षावर्षाने पाठ थोडी थोडी खाली येत गेलेली. मी एकेक फोटो पुढे सरकवत होते आणि त्या पडद्याजवळ तोंड नेऊन बघत होत्या. शेवटचा, याच आठवड्यातला आला तेव्हा त्यांनी माझा हात धरून थांबवलं.

"सुमन, मी एवढी वाकली कवा व?"

ते सगळं माझ्यासमोरच झालं होतं, रोज सकाळी.