सुक्या कचऱ्याच्या इंदूअक्का

वजनकाट्यावर इंदूअक्का आधी स्वतः चढत. चपला काढायच्या, पर्स माझ्या हातात द्यायची, पदर खोचायचा आणि सुक्या कचऱ्याच्या केंद्रातल्या त्या भल्यामोठ्या काट्यावर श्वास रोखून उभं राहायचं. "माझं वजन मला ठाऊक आहे. याला ठाऊक आहे काय, बघते." काटा परीक्षेत पास झाला की मगच पुठ्ठ्याचे आणि बाटल्यांचे गठ्ठे त्यावर चढायचे. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. काट्यावरूनच त्यांनी विचारलं, "हसतेस का गं? कोणी शिकवून पाठवलंय तुला?" मी नुकतीच लग्न होऊन सोलापूरहून आलेली, कंत्राटी नोकरीचा पहिला आठवडा. मुकाट्यानं पर्स सांभाळत उभी राहिले.

म्हैसूरला खेटून असलेल्या एका छोट्या नगरपालिकेत त्या हिशेबाच्या साहेबीणबाई होत्या. नगरपालिकेचं नाव सांगत नाही, सांगितलं असतं तर त्यांनीच मला विचारलं असतं, "का सांगितलंस?" घराघरांतून किती सुका कचरा गोळा झाला, त्यातला किती पुन्हा वापरात गेला, त्यावर काय खर्च झाला, याचा अहवाल दरवर्षी वर पाठवायचा आणि त्यावर निधी यायचा, हे आमचं काम. मी आकडे भरायचे, अक्कांनी त्यांच्यावर संशय घ्यायचा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण निम्मी कन्नड. अक्का मला माझ्या नावानं कधी हाक मारत नसत. "काय गं सोलापूर, मत्ते, आणखी काय विशेष?" अशी त्यांची सुरुवात असायची.

चांगला आकडा दिसला की त्यांचा चेहरा पडायचा. "अय्यो, हा बघ, नटूनथटून आलाय. खरा आकडा असा नसतो गं. तो अर्धवट आंघोळ करून येतो." एकदा एका वॉर्डाच्या पुठ्ठ्यानं एकदम उडी मारली. सगळं ऑफिस खूश. अक्का केंद्रात गेल्या आणि गठ्ठ्यात चक्क नाक खुपसलं. "घरातल्या खोक्याला घराचा वास येतो. सांबार पुडीचा, साबणाचा, काहीतरी. याला नुसता गोंदाचा वास." ठेकेदारानं थोडे आढेवेढे घेतले आणि मग कबूल केलं. मेटगळ्ळीच्या कारखान्यांतला पुठ्ठा घरांच्या नावावर चढला होता. अक्कांनी तो सगळा वगळला. त्या संध्याकाळी त्यांच्याइतकं आनंदी माणूस मी म्हैसुरात पाहिलं नाही.

त्यांच्या या स्वभावाचा मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. राग जास्त कधी आला, ते सांगते.

अक्कांच्या स्वतःच्या गल्लीचा वॉर्ड होता. जुनी, शिकलेली वस्ती, घरटी एक तरी वर्तमानपत्र. आणि सुका कचरा? जवळजवळ नाहीच. त्या वॉर्डाचं केंद्र पुट्टम्मा नावाची बाई चालवायची. हाताखाली चार बाया, दिवसभर खाली बसून निवडानिवड. वरून पत्र आलं की या वर्षीही आकडा असाच राहिला तर हे केंद्र बंद करावं. म्हणजे पुट्टम्मा आणि तिच्या बाया घरी बसणार. आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं. अक्कांना संशय आला.

"पेपर घरात येतो, गाडीत येत नाही. मधे कुठं जातो? पुट्टम्मा वाटेतच विकते बघ."

आणि त्यांनी काय करावं? दुपारी केंद्रात जाऊन, सगळ्यांसमोर, त्या बायांच्या पिशव्या उघडायला लावल्या. पुट्टम्मानं डब्याचं झाकण काढून पुढे धरलं. "भात आहे अम्मा. तुमचं पेपर नाही." बाकीच्या बाया खाली बघत होत्या. पिशव्यांत काही सापडलं नाही. अक्का मात्र "आज नाही सापडलं," एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या. मला इतकी लाज वाटली की परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोललेच नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन त्या गल्लीच्या तोंडाशी रसवंतीच्या मागे उभ्या राहिल्या. गाडी आली. घराघरांतून ओला कचरा निघाला, सुक्याच्या डब्यात मात्र कुठे एखादा फुटका डबा, कुठे औषधाची रिकामी बाटली. गाडी गेली. गल्ली शांत झाली. मग धुणीभांडी आटोपून घरांतल्या कामवाल्या बायका एकेक करून बाहेर पडू लागल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर गाठोडं. कोणाकडे रद्दी, कोणाकडे बाटल्या, कोणाकडे धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. सगळ्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे वळत होत्या. अक्कांचे डोळे चमकले. "सापडलं! नोडु, नोडु, बघ, अख्खी टोळी आहे," असं म्हणत त्या पुढे धावल्या आणि पहिल्याच गाठोड्याला हात घातला. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेपरवाल्यानं पेन्सिलीनं घर नंबर लिहिला होता. तो अक्कांच्याच घराचा होता. गाठोड्याखालची बाई त्यांच्याच घरची जयम्मा.

मला तशीच घरी नेऊन त्यांनी आपल्या भावाच्या बायकोला, वहिनीला, जाब विचारला. वहिनी कांदा चिरत होती. "ते जयम्माचंच असतंय अक्का. आपल्या गल्लीत सगळ्यांकडे तसंच. रद्दी, डबे, पिशव्या कामवालीच्या. सासूबाईंच्या वेळेपासून. तिच्या पोरीची वह्या-पुस्तकं त्यातच निघतात. तुम्ही कधी विचारलंच नाही."

सगळ्या गावावर नजर ठेवणाऱ्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं काय जातं ते माहीत नव्हतं. मला आतून उकळ्या फुटत होत्या, पण अक्का पाटावर बसून राहिल्या तेव्हा हसायचा धीर झाला नाही.

ऑफिसात सोपा उपाय निघाला. सुका कचरा गाडीतच टाका, नाही टाकला तर दंड, अशी नोटीस काढायची. आकडा वर जाईल, निधी येईल, केंद्र वाचेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का म्हणाल्या, "आणि जयम्माच्या पोरीच्या वह्या? त्या कुठल्या खर्चात दाखवायच्या?"  मग आकडा आहे तसा ठेवून त्यांनी खाली शेरा लिहिला. या गल्लीतला सुका कचरा आमच्या गाडीशिवाय, आमच्या खर्चाशिवाय पुन्हा वापरात जातो. तो आमच्या नावावर धरू नये, पण त्यापायी केंद्रही बंद करू नये. शेजारच्या वॉर्डाचा माल इकडे निवडायला द्यावा.

वरच्या लोकांना तो शेरा वाचून काय वाटलं असेल? संशय आला. आकडा फुगवणारे त्यांना रोज भेटत. स्वतःहून कमी दाखवणारी बाई नक्कीच काहीतरी लपवत असणार. चौकशीला एक तरुण अधिकारी आला. त्यानं अक्कांना सरळ विचारलं, "रद्दी विकणारी बाई तुमच्याच घरी कामाला आहे. यात तुमचा काय फायदा?"  तो गेल्यावर अक्का म्हणाल्या, "हुशार आहे की. मीसुद्धा हेच विचारलं असतं." पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं वहिनीनं मला नंतर सांगितलं.

चौकशी बरीच रेंगाळली. शेवटी त्यांचा शेरा मान्य झाला. शेजारच्या वॉर्डाचा माल पुट्टम्माच्या केंद्राला मिळाला, केंद्र राहिलं. अक्का तेव्हा निवृत्त व्हायच्या बेतात होत्या. निरोपाचा हार, भाषण वगैरे त्यांनी आधीच नाकारलं होतं. हाराच्या वर्गणीचा हिशेब कोण ठेवणार, असं म्हणाल्या. शेवटच्या दिवशी मला म्हणाल्या, "चल गं सोलापूर, पुट्टम्माकडे जाऊन येऊ."

भर दुपार होती. बाया शेजारच्या वॉर्डाच्या बाटल्या निवडत होत्या. अक्का त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि कन्नडमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पुट्टम्मा, मी तुझी पिशवी उघडायला लावली. चूक केली. माफ कर." त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. 

पुट्टम्मानं हातातली बाटली खाली ठेवली. आधी अक्कांकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या काखेतल्या फाइलकडे पाहिलं.

"कशावर अंगठा पाहिजे अम्मा?"

"कशावरच नको. खरंच काही नको," अक्का घाईघाईनं म्हणाल्या.

"काही नको असेल तर मोठी माणसं एवढ्या उन्हात येत नाहीत," पुट्टम्मा शांतपणे म्हणाली, आणि बायांना तिनं आपापल्या पिशव्या जवळ घ्यायला सांगितलं.