खिडकी लावून पाहिलेलं कार्टून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला माझे बाकीचे सगळे अवगुण तोंडपाठ आहेत. मग तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. ऐका, नाहीतर उठून जा. मला दोन्ही चालेल.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, आष्ट्याची. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो. शिकवायचो म्हणजे — नाक मुरडायचो. गाजलेली कादंबरी? भिकार. पौराणिक मालिका? भडक मुकुट आणि पुठ्ठ्याच्या गदा. माझ्या या तुसडेपणाला स्टाफरूममध्ये लोक विद्वत्ता समजत, आणि मी त्यांना समजू देत असे. कुणाची तरी टोपी उडवल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

ही टोपी बहुतेक वेळा विलासची असायची. भूगोल शिकवायचा, खानापूर तालुक्यातला, पस्तिशीकडे झुकलेला, लग्न रखडलेलं. गावात केबल नुकतीच आली होती, आणि हा गडी रोज संध्याकाळी सहाला हिंदीत डब केलेली एक परदेशी कार्टून मालिका बघायचा. बघायचा ते बघायचा, वर स्टाफरूममध्ये सांगायचा. "सर, एकदा बघाच. लय भारी हाय. आवं, पोरांचं न्हाई ते!" मी त्याचं नाव 'बालवाडी' ठेवलं. थोड्याच दिवसांत शिपाईसुद्धा "बालवाडी सर कुठं हायत?" असं विचारायला लागला. विलास नुसता हसायचा. त्या हसण्याचाही मला रागच यायचा.

मग एकदा मी तापाने घरी पडलो. बायको हळदीकुंकवाला गेलेली, रिमोट हाताशी, सहा वाजलेले. म्हटलं, बघू तरी या मूर्खाचं खूळ — टिंगलीला नवा माल मिळेल.

काय सांगू? एक मुलगी. तिचं गाव धुक्याने गिळलेलं, आणि ते गाव आठवणारी ती एकटीच उरलेली. सोबत एक म्हातारा बगळा, त्याला उडायची भीती. मी हसायची जागा शोधत होतो. सापडली नाही. बगळा मेला — आणि दुसऱ्या दिवशीच्या भागात तो मेलेलाच होता! आपल्या मालिकांत कुणी मेलं की चार दिवसांत जुळा भाऊ उगवतो. इथे ती मुलगी मुकाट चालत होती, आणि सवयीने मध्येच बाजूला बघत होती. करुणरसावर वर्षानुवर्षं तास घेतलेला मी, उशीच्या अभ्र्याला डोळे पुसत होतो. कार्टून बघून! किळस आली मला माझी.

ताप उतरला, मालिका सुटली नाही. बायको सहाला देवळात जायची. ती गेली की मी खिडकी लावायचो, कडी घालायचो. आणि स्टाफरूममध्ये माझं तोंड बंद झालं असेल, असं वाटतं तुम्हाला? छे. उलट धार चढली. आता मला भाग माहीत होते ना! बगळ्याच्या मरणावर मी असा विनोद केला की प्राचार्यांच्या हातातला चहा सांडला. विलास त्या दिवशी हसला नाही.

एकदा तो काही कामासाठी घरी आला, नेमका सहानंतर. दार उघडलं तर त्याचा चेहरा खुललेला — मालिकेचं गाणं त्याने बाहेरून ऐकलं होतं. "सर, तुमी बी बघताय व्हय! आता दोघं मिळून बघू की!" टोमणा नाही, कुरघोडी नाही. निव्वळ आनंद. मला तोच सहन झाला नाही. मी आणि हा एका पंगतीत? आणि उद्या याने भाबडेपणाने सगळ्यांसमोर सांगितलं तर? मला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात पाहुणे चौकशीला आले. विलासचं एका ठिकाणी जमत आलं होतं. मुलगी त्याला पसंत होती, तिलाही तो पसंत होता. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे — होकार कळवण्याआधी मुलीकडचं कुणीतरी मुलाच्या नोकरीच्या गावी येतं आणि गुपचूप विचारून जातं. मुलीचा मामा आला होता. विट्याचा माणूस, परमुलखात गलाईचं दुकान, म्हणजे सोनं शुद्ध करून देण्याचा धंदा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, मराठीच्या सरांना विचारा, ते कुणाची भीड ठेवत नाहीत.

"पोरगी द्यायची हाय आमाला. माणूस कसा हाय, तेवढं सांगा."

व्यसन? नाही. नोकरी पक्की? हो. मग मी थांबलो. मुद्दाम थांबलो, वर्गात थांबतो तसा. म्हणालो, "निरुपद्रवी आहे. या वयात रोज पोरांची कार्टून बघतो. बघून रडतो. बाकी तुम्ही समजून घ्या."

मामाने कपाळाशी बोट नेऊन माझ्याकडे पाहिलं — डोक्याने कमी आहे का? मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. सरबत घ्या म्हणालो. आणि रडला होता कोण? मी रडलो होतो. विलासला रडताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

मामा गेला तेव्हा सहा वाजत आले होते. मी टीव्ही लावला. लाज वाटली का? नाही. भाग छान होता.

पत्रिका जुळत नाही, असा निरोप आला. पण खरं कारण फिरत फिरत विलासच्या कानावर गेलंच, आणि त्याच्याआधी ते पाहुण्यारावळ्यांत पोचलं होतं. स्थळं यायची थांबली. विलासचं लग्न कधीच झालं नाही.

मालिकेचा शेवटचा भाग होता त्या दिवशी तो माझ्याकडे आला. एकट्याला बघवणार नाही म्हणाला. मी त्याला आत घेतलं. जाहिराती लागल्या तेव्हा पडद्यावरची नजर न काढता त्याने विचारलं, "सर, मी खुळा हाय असं पाव्हण्यास्नी कुणी सांगितलं असंल वो? माझं तर कुणाशी वाकडं न्हाई."

"लोक काय, काहीही बोलतात," मी म्हणालो.

"तुमी हाय म्हणून बरं," तो म्हणाला.

जाहिराती संपल्या होत्या. मी आवाज वाढवला.