तेरावी आंधळी मुलगी

फेय्याज तुनाली, राहणार उस्कुदार, इस्तंबूल, धंदा सिनेमा-दिग्दर्शन. सदर इसमाच्या देखरेखीखाली तेरा अंध नायिकांस दृष्टी प्राप्त झाली असून एकही शस्त्रक्रिया फसल्याची नोंद नाही.

या कामगिरीचा त्रास झाला तो त्याच्या धाकट्या बहिणीला. नादिदे जन्मांध. उन्हाळ्यात गल्लीतल्या उघड्या थिएटरात भावाचा सिनेमा लागला की ती ऐकायला जायची, आणि परतताना शेजारीण बेहिजे हानम विचारायची, "मग? तुझं ऑपरेशन कधी?" सोडेवाल्या जेलालला नादिदे आवडायची. त्याची आई म्हणायची, "आधी डोळे तर येऊ देत."

"आबी," बारावी बरी झाल्यावर नादिदे भावाला म्हणाली, "एकीला तरी आंधळीच राहू दे रे. आणि तरी लग्न लाव तिचं."

फेय्याज भिडस्त माणूस. फिल्मचा तुटवडा, दुसरा टेक नाही. ढग आले की नायिकेला अंगणातून घरात नेऊन रडवायचं, हे त्याचं कसब. पण या वेळी तो अडून बसला.

"अदानाच्या वितरकाला डोळे उघडलेले हवेत," निर्माते मुमताझ बेय म्हणाले. "नाहीतर सिनेमा घरीच बघ."

"बघू," फेय्याज म्हणाला.

शूटिंग मुकं व्हायचं, आवाज मागाहून भरायचे. तेव्हा कुणाच्याही तोंडी काहीही घालता येई. हे ओळखून त्यानं शेवट बेतला. पट्टी सुटते, मुलीचा चेहरा जवळून, ओठ मिटलेले. मग ती भिंत चाचपत नवऱ्यामुलापर्यंत जाते. एक अक्षर घुसवायला जागा नाही. फक्त डॉक्टर कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

आवाज भरायच्या दिवशी फेय्याज बुर्साला पुढच्या सिनेमात अडकला होता. मुमताझ बेयनी त्या पाठीला बोलतं केलं.

"अभिनंदन, पोरी! तुला दिसतंय!" पहिल्याच खेळाला गल्लीतल्या थिएटरभर घुमलं. फेय्याज खुर्चीतून अर्धा उठला. नादिदेसाठी सिनेमा म्हणजे नुसता आवाज. तिचा चेहरा पडला होता.

"अगं बाई!" बेहिजे हानमच्या तोंडातली सूर्यफुलाची बी तिथंच राहिली. "दिसतंय म्हणे, मग भिंत का चाचपतेय ही?"

नादिदेनं तिचा हात धरला. "काय करतेय ती?"

"स्टूल पाडलं. आता नवऱ्याच्या नाकाला हात लागला. हसतेय बघ मेली!"

"म्हणजे दिसत नाही तिला?"

"छे! तो डॉक्टरच भामटा आहे."

"पोरी, डॉक्टर बदल!" मागून कुणीतरी ओरडलं. लग्नाच्या प्रसंगाला टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत जेलालच्या आईनं ओढणीनं डोळे पुसले. "वेंधळी आहे," ती म्हणाली, "पण सून म्हणून गोड आहे हो." नादिदेनं ते ऐकलं. फेय्याजनंही, तो हळूच खाली बसला.

अदानाचा वितरक खूश झाला. तेरावीही यशस्वी धरली गेली. शरदात नादिदे आणि जेलालचं लग्न झालं. नादिदेला त्यातलं काहीही दिसलं नाही.