पोटातली दाढ

गेल्या हंगामात आंब्याच्या पेट्या भरताना माझ्या ओटीपोटात अशी कळ आली की मी तिथेच पेंढ्यावर बसले. नवरा मुंबईला नोकरीला. सासूबाईंनीच मला रिक्षात घालून रत्नागिरीला नेलं. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली आणि लगेच ऑपरेशन ठरलं.

मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजव्या अंडाशयासकट गाठ काढलीय, साधीच वाटतेय. आत काय होतं ते बघायचंय?"

त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. चरबी, केसांचा गुंता आणि त्या गुंत्यात एक दाढ. पूर्ण वाढलेली, ओली, चकचकीत पांढरी. माझ्या तोंडात तेवढी धड दाढ एकही नाही.

सासूबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "जुळं होतं काय गो तुझ्या पोटात?"

"नाही हो आजी, हिच्याच पेशी त्या," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. पण त्यानंतर सासूबाई खाटेपासून जरा लांबच बसल्या. खरं सांगते, मलाही पोटावर हात ठेवायला धीर होईना.

दुसऱ्या दिवशी माझी भाची पुण्याहून आली. ती प्रयोगशाळेत मूळपेशींपासून दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण पांढरं कवच, घडवायचा प्रयत्न करते. मी तिला विचारलं, "त्या पेशींना दात करायला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही, मावशी. त्या एकमेकींना सांगतात. पेशींचे दोन थर शेजारी असतात. एक संकेत पाठवतो, दुसरा उत्तर देतो. पुन्हा हा, पुन्हा तो. असं होता होता एका थरातल्या पेशी एनॅमल करणाऱ्या होतात. आम्ही तेच संकेत एकामागून एक बशीतल्या पेशींना देतो. एक चुकला की त्या भलतंच काहीतरी होतात."

"मग तोंडातली दाढ झिजली की पुन्हा का करत नाहीत?"

"दात वर येईपर्यंत त्या मरून जातात. सांगायला कुणी उरत नाही."

"आणि माझ्या पोटात?"

"ही गाठ बीजपेशीपासून, म्हणजे जिच्यातून पुढे मूल घडतं त्या पेशीपासून होते. त्या पेशीत सगळंच व्हायची ताकद असते. पण ती तिथे अचानक जागी का झाली, ते आम्हालाही नीट माहीत नाही."

म्हणजे मी जेवत होते, भांडत होते, झोपत होते, तेव्हा माझ्या आत हे बोलणं चाललं होतं. मला न विचारता. बरोबर क्रमाने.

तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. टाके सुकल्यावर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने माझ्या पोटाला तेल लावलं. लावता लावता त्यांचा हात डाव्या कुशीवर थांबला. डावं अंडाशय अजून आहे.

"आत सगळं गप आहे ना गो?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. दोघीही जरा वेळ तशाच थांबलो, काही ऐकू येतंय का बघत.