करदोडा

डोंबिवलीच्या एमआयडीसीत नव्या कामगारांना मी एकच विषय शिकवतो. अंगावर रसायन सांडलं तर माणूस कसा धुवायचा. पहिलं काम कपडे उतरवणं, सगळे. लाजू नका, इथे कुणी मुलगा बघायला आलेलं नाही, असं मी म्हणतो आणि सगळे हसतात. मग मी करदोड्याचं विचारतो आणि हसणं थांबतं.

आमच्या प्लांटमध्ये फिनॉलच्या पाइपचा सांधा सुटला तेव्हा माझा जोडीदार बरोबर खाली उभा होता. अकरा वर्षं आमची शिफ्ट एक, डबा एक. छातीपासून खाली तो पार भिजला. मी हातमोजे चढवले, त्याला शॉवरखाली ओढलं, कात्रीने शर्ट, पँट, आतलं सगळं कापून काढलं. राहिला कमरेचा काळा दोरा. कात्री लावली तर त्याने माझं मनगट धरलं.

"अरे, तो नको रे. बाप आहे ना माझा अजून."

करदोडा तोडायचा तो बाप गेल्यावर, हे माझ्याही घरचंच. मी कात्री मागे घेतली. एवढं ट्रेनिंग झालेला माणूस मी, आणि ऐकलं त्याचं. वरून पाणी पडत राहिलं.

"दुखतंय का?"

"नाही रे. आता काहीच नाही."

फिनॉल आधी झोंबतं, मग कातडी बधिर करतं. मला हे पाठ होतं, तरी त्याचं उत्तर ऐकून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून चीड येते.

हॉस्पिटलात नर्सने दोरा कापला. खाली कमरेभोवती पांढरा पट्टा उठला होता. तिसऱ्या दिवशी माझा जोडीदार गेला. एवढ्याशा दोऱ्याने फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. प्लांटमधली जमीन तोवर साफ झाली होती. सांडलेल्यावर टाकलेली वाळू पिंपांत भरून गेली आणि शिफ्ट सुरू झाली.

स्मशानात त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "करदोडा कुणी तोडला?"

"हॉस्पिटलात," मी म्हणालो. मी तोडायला हवा होता, हे बोललो नाही. रडूही आलं नाही.

घरी येऊन आंघोळ केली आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने माझा करदोडा कापला. माझे वडील कोपरला असतात, ठणठणीत आहेत. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जातो. त्यांना अजून सांगितलेलं नाही.